गुंगवेलीचं चाटण

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. फक्त कुणाला वेळ नव्हता.

हरणं सकाळी पळत बाहेर पडायची आणि संध्याकाळी पळतच घरी यायची. मुंग्या तर जन्मल्या त्या दिवसापासून कामावर. माकडांच्या बैठका असायच्या. एका फांदीवरची संपली की दुसऱ्या फांदीवरची सुरू.

अशा जंगलात म्हाताऱ्यांचं काय करायचं, हा मोठा प्रश्न होता. पूर्वी हा प्रश्न नव्हता. पूर्वी म्हाताऱ्यांना वाघ खायचा. पण आता वाघ सार्वजनिक जीवनात आला होता, आणि चारचौघांत कुणाला खाणं त्याला शोभत नव्हतं. त्यामुळे म्हातारे वाढले.

म्हणून ओढ्याकाठी, एका मोठ्या बेहड्याच्या झाडाखाली, म्हाताऱ्या प्राण्यांसाठी एक आश्रम निघाला. त्याचं नाव ‘निवांत’.

आश्रमाचे चालक होते नीळकंठराव बगळे. पांढरेशुभ्र, सडपातळ, नेहमी एका पायावर उभे आणि डोळे मिटलेले. त्यांना जगात दोनच गोष्टी आवडायच्या. एक मासे आणि दुसरी शांतता. शांतता असली की मासेही मिळतात, असा त्यांचा अनुभव होता.

पण ही गोष्ट बगळ्यांची नाही. ही गोष्ट आहे सगुणा मुंगसे हिची. ती मुंगूस होती आणि ‘निवांत’मध्ये म्हाताऱ्यांचं सगळं तीच बघायची. कुणाला पेज भरव, कुणाची पिसं विंचर, कुणाची कूस बदल, कुणाला ओढ्यापर्यंत धरून ने. सगळे तिला आक्का म्हणायचे. मदतीला एक खार होती. ती दिवसभर इकडून तिकडे धावायची, पण कशासाठी धावलो हे तिचं तिलाच आठवायचं नाही. तेव्हा काम सगुणाच्याच अंगावर पडायचं.

आणि आवाज! मुलांनो, म्हातारे बोलत नाहीत असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर त्याने म्हातारे पाहिलेले नाहीत.

गोदूताई टिटवे पहाटेपासून टिटिव टिटिव करत ओरडायच्या. त्या तरुणपणीही ओरडायच्याच, पण तेव्हा त्याला सावधपणा म्हणत. उंदरे गुरुजी म्हणजे एक म्हातारा उंदीर. त्यांनी जन्मभर शाळेत पाढे शिकवले होते आणि अजूनही ते दिवसभर पाढेच म्हणायचे. एकोणतीसच्या पाढ्यात अडकायचे आणि पुन्हा बे एके बे पासून सुरू करायचे.

पर्वतराव रानडुकरे यांचा त्रास मात्र वेगळा होता. त्यांना प्रत्येक झुडपामागे शिकारी दिसायचा. ते थरथर कापायचे. जेवणात विष आहे म्हणून जेवायचे नाहीत. एकदा त्यांनी गोदूताईंनाच शिकारी समजून ओसरीवरून खाली ढकललं. गोदूताई उडाल्या म्हणून वाचल्या.

तेव्हा डोंगरापलीकडून वैद्य पिंगळे यांना बोलावलं. वैद्यबुवा म्हणजे एक बारकासा पिंगळा, डोळे मात्र ताटलीएवढे. त्यांनी आल्या आल्या काय केलं असेल? औषध काढलं? नाही. ते आधी सगळी झुडपं हिंडून आले. खरंच कुणी शिकारी आहे का, ते बघायला. नव्हता. मग त्यांनी रानडुकऱ्यांचे कान पाहिले, दात पाहिले, पोट दाबून पाहिलं. हे कधी सुरू झालं, रात्री झोप लागते का, पूर्वी असं काही झालं होतं का, सगळं विचारलं. त्यांच्याजवळ बराच वेळ नुसते बसून राहिले. आणि एवढं झाल्यावर त्यांनी गुंगवेलीचं चाटण काढलं.

गुंगवेल ही फार जोरकस वनस्पती. वैद्यबुवांनी ते नखाच्या टोकावर येईल एवढंच दिलं आणि सगुणाला बजावलं.

“हे भ्रमाचं औषध आहे, आक्का. आवाजाचं नाही.”

त्यांचा तोल जातो का, पाय ताठरतात का, गिळायला त्रास होतो का, ते रोज बघत जा, असंही त्यांनी सांगितलं. मी परत येऊन तपासीन आणि जमेल तसं कमी करीन, म्हणाले.

औषध लागू पडलं. रानडुकऱ्यांची थरथर थांबली. ते जेवायला लागले. एका सकाळी तर ते स्वतः झुडपापर्यंत गेले, मागे डोकावले, आणि काही नाही म्हणून हसत परत आले. गोदूताईंची त्यांनी माफीही मागितली. औषध म्हणजे वाईटच, असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर त्याला हे रानडुकरे दाखवा.

वैद्यबुवांची चूक एकच झाली. जाताना ते चाटणाचा मोठा बुधला धान्याच्या कोठीत ठेवून गेले.

एके दिवशी बगळे ओढ्यात उभे होते. मासा अगदी चोचीशी आला होता. तेवढ्यात ओसरीवरून उंदरे गुरुजींनी एकोणतीसचा पाढा सुरू केला, आणि मासा निघून गेला.

बगळ्यांनी डोळे उघडले. ते सगुणाला म्हणाले, गुरुजींना थोडं चाटण द्या.

सगुणा चपापली. म्हणाली, “अहो, ते तर भ्रमाचं औषध. गुरुजींना कुठे भ्रम आहे? पाढे तर म्हणताहेत.”

“एकोणतीस पाचे एकशे सत्तेचाळीस म्हणताहेत,” बगळे म्हणाले. “हा भ्रम नाही तर काय?”

सगुणाला एकोणतीसचा पाढा येत नव्हता.

गुरुजींना चाटण मिळालं आणि गुरुजी थांबले. मग गोदूताईंना मिळालं आणि गोदूताई थांबल्या. मग एक कासवकाका होते. ते ओरडत नसत, भांडत नसत, काहीच करत नसत. त्यांनाही दिलं, कारण पंगतीत एकाला वाढून दुसऱ्याला वगळणं बरं दिसत नाही. असं करता करता सकाळच्या पेजेत मध आणि मधात चाटण, हा ‘निवांत’चा नेमच होऊन गेला.

वैद्यबुवांच्या कानावर काहीतरी गेलं असावं. त्यांनी कावळ्याबरोबर निरोप पाठवला, की मी तपासल्याशिवाय कुणालाही देऊ नका. बगळ्यांनी कावळ्याला “बरं” म्हणून सांगितलं. डोंगर मोठा होता, वैद्य एकटे होते, आणि ‘बरं’ या शब्दाने माणूस निश्चिंत होतो. पिंगळेही झाले.

आता तुम्ही सगुणाला नावं ठेवाल. ठेवा. पण आधी हे ऐका. सगळे गप्प झाले त्या दिवशी दुपारी सगुणा खाली बसली. नुसती बसली. ‘निवांत’मध्ये आल्यापासून ती भर दिवसा कधी बसली नव्हती. तिने ओसरीच्या खांबाला पाठ टेकली, आणि आपली पाठ इतकी दुखत होती हे तिला तेव्हा कळलं. कुणी हाक मारत नव्हतं. ओढ्याचा आवाज ऐकू येत होता. तिला वाटलं, या सगळ्यांना बरं वाटत असेल म्हणूनच ते गप्प आहेत. तिला बरं वाटत होतं, एवढं मात्र खरं.

म्हाताऱ्यांची मुलं भेटायला यायची, तीही खूश झाली. पूर्वी भेट म्हणजे डोक्याला ताप. हे का आणलं नाहीस, तो का आला नाही, मला घरी कधी नेणार. आता म्हातारे काहीच विचारत नव्हते. मुलं दोन केळी ठेवायची, म्हाताऱ्यांशेजारी उभं राहून चित्र काढून घ्यायची आणि वेळेवर परत जायची. आई आताशा किती समजूतदार झाली आहे, असं एकमेकांना सांगायची.

‘निवांत’चा लौकिक वाढला.

याच सुमारास सगुणाने स्वतःच्या आईला तिथे आणलं.

तिची आई म्हणजे भागाआई. एके काळी अख्ख्या रानात तिच्यासारखी साप धरणारी नव्हती. आता तिला फारसं आठवत नसे. बिळात एकटी ठेवली तर बाहेर पडायची आणि रस्ता चुकायची. एकदा तर ती कोल्ह्याच्या घरात जाऊन बसली आणि कोल्ह्याच्या बायकोला म्हणाली, सूनबाई, भूक लागली. कोल्हीण भली होती म्हणून निभावलं. सगुणाला ती सगुणा म्हणून ओळखत नसे. ठके म्हणायची. ठकू ही भागाआईची बहीण, केव्हाच वारलेली. सगुणाला त्याचा राग यायचा. एवढं करायचं आणि नाव मावशीचं.

भागाआई ‘निवांत’मध्ये रमली. तिच्या पेजेत सगुणा चाटण घालत नसे. कोठीच्या दारासमोरचा कोपरा तिने धरला, आणि तिथे बसून ती एकच गोष्ट सांगू लागली.

“साप आहे.”

सगुणा हातातलं काम टाकून धावत गेली. कोठीत धान्य होतं, बुधला होता, भिंतीशी एक बीळ होतं. साप नव्हता. थोड्या वेळाने भागाआई पुन्हा म्हणाली, साप आहे. सगुणा पुन्हा गेली. साप नव्हता. तिसऱ्या वेळी तिचे दोन्ही हात पेजेत होते, म्हणून तिने तिथूनच, “नाही गं आई,” असं सांगितलं. त्यानंतर तिने तेवढंही सांगणं सोडलं. चाटणाच्या उग्र वासाने तिचं नाक हल्ली बसल्यासारखं झालं होतं, ही गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती.

भागाआईचा आवाज मात्र वाढत गेला. शेवटी बगळे आले.

ते रागावले नाहीत. बगळे कधीच रागावत नसत. त्यांनी सगुणाला शांतपणे समजावलं, की रानडुकऱ्यांना शिकारी दिसत होते आणि तुमच्या आईला साप दिसतात. रोग तोच. औषधही तेच. जन्मभर बिचारीने सापच पाहिले, आता दुसरं काय दिसणार? स्वतःच्या आईच्या बाबतीत मन घट्ट करावं लागतं, आक्का.

मुलांनो, यातली गंमत अशी की बगळ्यांचं बोलणं पटण्यासारखं होतं. चूक एवढीच होती, की वैद्यबुवांनी झुडपं पाहिली होती आणि बगळ्यांनी बीळ पाहिलं नव्हतं. पण शुभ्र कपड्यांनिशी बिळात डोकावायचं म्हणजे चोच मळते.

सगुणाने आईला चाटण दिलं. स्वतःच्या हाताने, मध जरा जास्त घालून.

भागाआई गप्प झाली. तिचे डोळे अर्धे मिटलेले असायचे. तोंडातून लाळ गळायची. पाय लाकडासारखे झाले. उठायला गेली की तोल जायचा, आणि एकदा ती ओसरीच्या पायरीवरून खाली कोसळली. सगुणाने तिला उचलून आणलं. खांद्याला लागलं होतं, पण भागाआई कण्हलीसुद्धा नाही.

सगुणा तिच्याजवळ बसली. म्हणाली, “आई, मी कोण?”

भागाआई तिच्याकडे बघत राहिली. तिने ठकू म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही.

पूर्वी चुकीच्या नावाने का होईना, हाक येत होती. सगुणाला त्या चुकीच्या नावाची इतकी आठवण येईल असं तिला वाटलं नव्हतं.

तरी तिने दुसऱ्या दिवशी चाटण दिलं. न द्यावं तर बगळे विचारणार. आणि दिलं नाही तर कामं कशी उरकणार? मन घट्ट करावं लागतं, असं तिने स्वतःला सांगितलं. मन घट्ट झालं, पण रात्री झोप येईना.

मग उंदरे गुरुजी दिसेनासे झाले.

सकाळी पेज भरवायला गेली तर त्यांची गवताची गादी रिकामी. सगुणाने बगळ्यांना विचारलं. बगळे म्हणाले, त्यांच्या मुलाने घरी नेलं असेल. हल्ली गुरुजी इतके शांत झाले आहेत, की कुणालाही ते घरी हवेसे वाटतील. सगुणाला हे पटलं. गुरुजींच्या मुलाचं धान्याचं दुकान होतं, तो माणूस चांगला होता. तिला उलट बरंच वाटलं.

त्याच आठवड्यात जंगलाच्या वृद्धकल्याण समितीने ‘निवांत’ची पाहणी केली. समितीचे अध्यक्ष होते दादासाहेब पारवे. लठ्ठ, गळ्याभोवती निळसर झाक, आणि बोलताना छाती फुगवायची सवय. ते प्रत्येक म्हाताऱ्यापुढे उभे राहिले आणि त्यांनी प्रत्येकाला विचारलं, तुमची काही तक्रार आहे का?

कुणीही काही बोललं नाही.

दादासाहेबांना गहिवरून आलं. बाकीच्या आश्रमांत तक्रारी ऐकता ऐकता दिवस मावळायचा. इथे एकही नाही. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की जंगलातला सर्वांत समाधानी आश्रम म्हणून ‘निवांत’चा सत्कार होईल.

बगळ्यांनी नम्रपणे मान झुकवली. खाली पाण्यात मासा होता, तोही मिळाला.

सत्काराची तयारी सुरू झाली आणि सगुणाला आणखी कामं लागली. पण या गडबडीत तिने एक चोरी केली. भागाआईच्या वाट्याचं चाटण ती रोज थोडं थोडं कमी करू लागली. एकदम बंद करायचा धीर तिला झाला नाही, आणि ते बरंच झालं, कारण असली औषधं एकदम तोडायची नसतात. तिला एवढंच वाटत होतं, की सत्काराला आई निदान ताठ बसावी.

हळूहळू भागाआईची लाळ थांबली. मान वर झाली. एका सकाळी पेज खाऊन ती म्हणाली, “अळणी आहे.” सगुणा कोठीआड जाऊन रडली. पेज खरंच अळणी होती.

सत्काराचा दिवस उजाडला. बेहड्याखाली मांडव घातला होता. एका बुंध्यावर दादासाहेब पारवे, शेजारी एका पायावर बगळे. समोर म्हाताऱ्यांची मुलं, नातवंडं. गुरुजींचा मुलगाही आला होता, सगळ्यांसाठी पेढे घेऊन. म्हाताऱ्यांना भिंतीशी ओळीने बसवलं होतं. सगळ्यांच्या माना खाली. पाहुण्यांना वाटलं, ध्यान चाललं आहे.

बगळ्यांना शाल दिली. मग दादासाहेब बोलायला उभे राहिले. म्हातारपण म्हणजे जीवनाची संध्याकाळ, आणि संध्याकाळी गलबला नसावा, असं त्यांनी सुरू केलं. ते छाती फुगवून बोलत होते आणि लोक जांभया देत होते. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं.

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. फार मोठा नव्हता. कुणी घरात मीठ संपलं म्हणून सांगावं, तसा.

“ठके, साप.”

पाहुणे गोड हसले. म्हाताऱ्या माणसांचं काय मनावर घ्यायचं? बगळ्यांनी एक डोळा उघडला आणि सगुणाला चोचीने खूण केली. खूण कसली, ते सगुणाला कळलं. ती चाटणाचा चमचा घेऊन आईकडे गेली.

चमचा तोंडाशी नेताना तिने आईकडे पाहिलं. भागाआई वेड्यासारखी इकडेतिकडे बघत नव्हती. ती एकाच जागी बघत होती. तिच्या शेपटीचे केस ताठ उभे राहिले होते. आणि सगुणाच्या लक्षात आलं, की आपल्याही शेपटीचे केस उभे राहिले आहेत.

तिने चमचा खाली ठेवला आणि आई बघत होती तिकडे पाहिलं.

नाव चुकलं होतं. साप बरोबर होता.

दादासाहेबांच्या बुंध्यामागे एक नाग फणा काढून उभा होता. चांगला पोसलेला, तुकतुकीत. दादासाहेबांची मान बघून तो अंतराचा अंदाज घेत होता. सगुणा आपल्याकडे बघते आहे हे पाहून तो जरा ओशाळला.

“चालू द्या तुमचं,” नाग म्हणाला. “मी बाहेरचा नाही. कोठीतल्या बिळात असतो. खूप जागा पाहिल्या, पण इतकी चांगली व्यवस्था कुठे नाही. इथे कुणी आरडाओरडा करत नाही. ते पाढेवाले गुरुजी, त्यांनी तर हूं की चूं केलं नाही.”

मांडवात पेढ्यांचं ताट पडल्याचा आवाज झाला.

सगुणाने उडी घेतली. मुंगसाची जात खरी, पण तिने कैक वर्षांत साप धरला नव्हता. पहिली उडी चुकली. नागाचा फणा तिच्या कानाजवळून गेला. मागून भागाआईचा आवाज आला, अगदी नेहमीचा, चिडका, शिकवणारा. समोरून कशाला जातेस, डावीकडून जा. अजून डावीकडून. आता मान धर. मान, ठके, शेपूट काय धरतेस.

नाग सुस्तावलेला होता. बसल्या जागी मिळत गेलं की नागही सुस्तावतो. सगुणाने डावीकडून मान धरली ती सोडली नाही. थोडा वेळ दोघांची धूळ उडत राहिली. मग एकटी सगुणा उठली.

दादासाहेब पारवे बेहड्याच्या शेंड्यावर होते. ते तिथे कधी गेले, कुणी पाहिलं नाही. बगळे दोन्ही पायांवर उभे होते. पाहुणे सैरावैरा पळाले होते.

आणि भिंतीशी म्हातारे तसेच बसले होते. त्यांच्यासमोर नाग निघाला, लढाई झाली, नाग मेला, आणि भागाआई सोडून एकानेही मान वर केली नव्हती. गोदूताई टिटवे, ज्या जन्मभर पान पडलं तरी ओरडत आल्या, त्यांच्या पायाशी नागाची शेपूट पडली होती. त्या तिच्याकडे बघतही नव्हत्या.

नाग बघून सगुणाला भीती वाटली नव्हती. हे बघून वाटली.

गुरुजींचा मुलगा तिच्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, “मला वाटलं, बाबा इथे आहेत.”

“आम्हाला वाटलं, तुम्ही नेलं,” सगुणा म्हणाली.

गुरुजींच्या रिकाम्या गादीशी तो बराच वेळ बसून राहिला. मग त्याने सांडलेले पेढे गोळा केले, कारण काहीतरी करायला हवं होतं.

सगुणाने त्याच दिवशी कावळ्याला पाठवलं आणि वैद्य पिंगळ्यांना बोलावून घेतलं. तिने त्यांना काय काय केलं ते सगळं सांगितलं. बगळ्यांवर ढकललं नाही. चमचा माझ्या हातात होता, म्हणाली. वैद्यबुवा तिला रागावले नाहीत, पण चांगलंही म्हणाले नाहीत. निरोप पाठवून मी गप्प बसलो, यायला हवं होतं, एवढं ते म्हणाले आणि कामाला लागले.

एकेका म्हाताऱ्याजवळ ते बसले. चाटण हळूहळू उतरवत नेलं. गोदूताईंच्या तळव्यात बाभळीचा काटा सापडला. कधीचा रुतला होता कोण जाणे, आजूबाजूला पू झाला होता. काटा काढल्यावर त्या दिवसातून थोडाच वेळ ओरडायच्या, तोही आवड म्हणून. कासवकाकांना कसलंही औषध लागत नव्हतं. ते शुद्धीवर आल्यावर म्हणाले, मला काय झालं होतं? रानडुकऱ्यांचं चाटण कमी केल्यावर मात्र त्यांना पुन्हा शिकारी दिसू लागले, म्हणून वैद्यबुवांनी झुडपं पुन्हा एकदा हिंडून पाहिली, आणि नखाच्या टोकाचंही निम्मं, एवढं त्यांच्यापुरतं चालू ठेवलं. बुधला मात्र ते पाठीवर घेऊन गेले.

‘निवांत’मध्ये पुन्हा गलबला सुरू झाला. सगुणाला बसायला मिळेना. तिने म्हाताऱ्यांच्या मुलांना निरोप धाडले, की आळीपाळीने येऊन थोडा वेळ बसत जा, तेवढाच मला हात मिळेल. बहुतेकांना वेळ नव्हता. गुरुजींचा मुलगा येऊ लागला. त्याचं तिथे आता कुणी नव्हतं, तरी तो यायचा आणि रानडुकऱ्यांना फिरवून आणायचा.

समितीची पुन्हा पाहणी झाली. दादासाहेब पारव्यांनी या वेळीही प्रत्येकाला विचारलं, काही तक्रार आहे का? आणि प्रत्येकाने सांगितली. पेज अळणी आहे, गवत टोचतं, मुलगा येत नाही, तुम्ही उन्हात उभे आहात, बाजूला व्हा. ऐकता ऐकता दिवस मावळला. समितीने ‘निवांत’चा सन्मान काढून घेतला. शेरा असा मारला, की येथील वृद्ध असमाधानी आहेत.

बगळे त्याआधीच ओढा ओलांडून गेले होते. पलीकडच्या काठावर त्यांनी नवा आश्रम काढला. नाव ठेवलं ‘चिरनिवांत’. उद्घाटनाला दादासाहेब पारवेच आले होते. मानेवरून मृत्यू गेला तरी उद्घाटनाला नाही म्हणणं त्यांना जमत नसे. त्यांनी भाषण केलं, फीत कापली, आणि मग जरा बाजूला जाऊन बगळ्यांच्या कानात विचारलं, की आमची आई दिवसभर फार घुमते हो, तुमच्याकडे एखादी जागा होईल का?

बगळ्यांनी डोळे मिटले आणि ते “बरं” म्हणाले.

मागे रांग लागली होती. रांगेत कुणीही बोलत नव्हतं. सगळेच घाईत होते.

तात्पर्य : म्हातारं माणूस ओरडलं तर ते का ओरडतंय, हे बघायला कधीही जाऊ नये. बघायला गेलं की कारण सापडतं, आणि कारण सापडलं की काम आपल्यालाच करावं लागतं.